हरलेला असुर सोबतीला कसा येतो? तिरुक्करुगावूर, जेजुरी आणि एक व्हिडिओ गेम

प्रस्तावना

तुमच्यापैकी अनेकांनी रोल-प्लेइंग प्रकारचे व्हिडिओ गेम खेळले असतील. अशा गेममध्ये एक प्रसंग पुन्हा पुन्हा येतो. गुहेच्या किंवा किल्ल्याच्या शेवटच्या दालनात पुराणकथेतून उचललेला एक बलाढ्य योद्धा उभा असतो. खेळणारे त्याला 'बॉस' म्हणतात. त्याच्याशी लढताना दोन-चार वेळा हार पत्करावी लागते. शेवटी तो हरतो, पण मरत नाही. यापुढे तू बोलावशील तेव्हा मी येईन, असे तो कबूल करतो. पुढच्या अवघड लढाईत खेळणारा यादीतून त्याचे नाव निवडतो आणि कालचा शत्रू आजचा साहाय्यक होऊन पडद्यावर उतरतो. या बोलावण्याला गेमच्या भाषेत 'समन' म्हणतात.

या पाठात आपण या एकाच प्रसंगाचा इतिहास पाहणार आहोत. शत्रूला हरवायचे पण संपवायचे नाही, उलट आपल्याशी बांधून घ्यायचे, ही कल्पना संगणकाच्या आधी कोठे होती? तेव्हा तिचा अर्थ काय होता? आणि ती गेममध्ये आली तेव्हा तिच्यातले काय टिकले, काय गळाले?

चर्चेचे केंद्र म्हणून आपण तमिळनाडूतील तिरुक्करुगावूर हे गाव घेऊ. कुंभकोणमजवळ, पापनाशम तालुक्यात, वेट्टारू नदीच्या काठी हे गाव आहे. त्याच्या आसपासच्या कावेरी खोऱ्यात या कल्पनेचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या ठिकाणी आजही पाहता येतात. तिथून आपण जेजुरीला आणि जपानमधील नारा या शहरालाही जाऊ. आधी मात्र गेमकडे पाहू.

१. गेममधील असुरा

जपानमधील स्क्वेअर या कंपनीने १९८७ मध्ये 'फायनल फँटसी' हा गेम काढला. या मालिकेत बोलावता येणारे योद्धे आणि प्राणी प्रथम आले ते १९९० च्या तिसऱ्या भागात. त्यातील ओडिन हा उत्तर युरोपीय कथांमधील देव आहे. लेव्हायथन हा हिब्रू परंपरेतील समुद्री प्राणी आहे, तर बहामुत हे नाव अरबी विश्ववर्णनातून आले आहे. या तिघांनाही आधी लढून हरवावे लागते आणि मगच त्यांना बोलावता येते. 'शिवा' नावाचीही एक आकृती याच भागात आहे. ती बर्फाची शक्ती असलेली स्त्री आहे. महादेवाच्या कथेशी तिचा नावापलीकडे काही संबंध नाही. हे उदाहरण लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

१९९१ च्या चौथ्या भागात 'असुरा' येते. ती बोलावल्या जाणाऱ्या सर्व प्राण्यांची राणी आहे आणि जमिनीखालच्या एका वेगळ्या लोकात राहते. तिला तीन चेहरे आहेत. तिच्याशी लढणे सक्तीचे नाही. तिची शक्ती हवी असेल त्याने तिच्या दरबारात जाऊन आव्हान द्यायचे. लढाईत ती स्वतःवर वारंवार उपचाराचे मंत्र टाकते, त्यामुळे घातलेले घाव भरून निघतात. अनुभवी खेळाडू यावर एक युक्ती करतात. मंत्र उलटवणारे कवच ते तिच्यावरच चढवतात, म्हणजे तिचे उपचार त्यांनाच लागू पडतात. ती हरली की रिडिया नावाच्या पात्राला तिला हाक मारता येते. मग तिच्या तीन चेहऱ्यांपैकी एक जखमा भरतो, एक पडलेल्याला उठवतो आणि एक संरक्षण देतो. म्हणजे नावाने असुर असलेली ही राणी हरल्यानंतर रक्षण करू लागते.

या प्रसंगाचे तीन भाग पाडता येतात. पहिला हाक, दुसरा झुंज आणि तिसरा वचन. आता हे तीन भाग एकेक करून पाहू.

२. हाक: तिरुक्करुगावूर

तमिळ भाषेत 'करु' म्हणजे गर्भ. गावाच्या नावाचा अर्थ परंपरेने 'गर्भाचे रक्षण करणारे गाव' असा लावला जातो. येथील शिवाला मुल्लैवननाथर, म्हणजे जाईच्या वनाचा स्वामी, म्हणतात. देवीचे नाव गर्भरक्षांबिका. संबंदर आणि अप्पर या तमिळ शैव संतांनी या स्थानावर पदे रचली आहेत, म्हणजे सातव्या शतकाच्या सुमारास ते शैवांचे मान्य क्षेत्र होते. येथील लिंगावर जलाभिषेक करत नाहीत. त्याला पुनुगु, म्हणजे जवादी मांजराचा सुगंधी स्राव, लावतात.

स्थळपुराणाची कथा थोडक्यात अशी. निद्रुव ऋषींची पत्नी वेदिका गरोदर असताना ऊर्ध्वपाद नावाचे ऋषी भिक्षेसाठी दारी आले. थकलेल्या वेदिकेकडून त्यांचे स्वागत झाले नाही. त्यांनी शाप दिला आणि तिचा गर्भ नष्ट होऊ लागला. वेदिकेने देवीला हाक मारली. देवीने तो गर्भ एका दिव्य घटात ठेवून वाढवला आणि नैध्रुव नावाचा मुलगा जन्माला आला. आजही अपत्यासाठी आणि सुखरूप बाळंतपणासाठी दूरदूरची कुटुंबे येथे येतात.

या कथेत ना योद्धा आहे ना लढाई. तरीही आपल्या विषयाचा पहिला भाग येथे अगदी स्वच्छ दिसतो. हाक मारणारी व्यक्ती दुर्बळ आहे, संकटात आहे. तिच्याजवळ देवीला बांधून घेण्याचे कोणतेही साधन नाही. देवी येते ती कोणी तिला जिंकले म्हणून नव्हे, तर करुणेने. गेममध्ये मात्र हाक मारण्याचा अधिकार जिंकून मिळवायचा असतो. हाकेला जिंकण्याची जोड कोठून मिळते, ते पाहण्यासाठी आपण या गावाहून ईशान्येला, कुंभकोणमच्या दिशेने जाऊ.

३. झुंज: स्वामीमलै आणि सूरसंहार

कुंभकोणमच्या पश्चिमेला स्वामीमलै आहे. मुरुगन, म्हणजे आपल्याकडचा कार्तिकेय किंवा स्कंद, याच्या तमिळनाडूतील सहा प्रमुख स्थानांपैकी हे एक. सपाट खोऱ्यात बांधून काढलेल्या उंचवट्यावर हे मंदिर आहे आणि वर जायला साठ पायऱ्या आहेत. साठ संवत्सरांशी त्यांचा संबंध जोडतात.

मुरुगनाच्या मंदिरांमध्ये दिवाळीनंतरच्या शुद्ध प्रतिपदेपासून षष्ठीपर्यंत सहा दिवस स्कंदषष्ठीचा उत्सव असतो. शेवटच्या दिवशी 'सूरसंहार' होतो. तिरुचेंदूरच्या समुद्रकिनाऱ्यावर होणारा सूरसंहार सर्वांत प्रसिद्ध आहे, पण लहानमोठ्या अनेक मुरुगन मंदिरांसमोर हा सोहळा होतो.

कांचीपुरमच्या कच्चियप्प शिवाचार्यांच्या तमिळ 'कंदपुराण' या ग्रंथात ही कथा विस्ताराने आहे. सूरपद्मन या असुराला शिवाच्या शक्तीखेरीज अन्य कशानेही मरण नाही, असा वर मिळालेला असतो. देव हतबल होतात आणि शिवाकडे जातात. शिवाच्या तेजातून सहा मुखांचा मुरुगन जन्मतो. म्हणजे हा योद्धा या लढाईसाठीच प्रकट झालेला आहे. त्याला आईकडून वेल, म्हणजे भाला, मिळतो. नागपट्टिनमजवळच्या सिक्कल येथे हा भाला स्वीकारण्याचा विधी उत्सवाच्या पाचव्या दिवशी होतो. सहाव्या दिवशी युद्ध.

हे युद्ध मंदिरासमोर कसे दाखवतात, याकडे नीट लक्ष द्या. असुराचा भलामोठा पुतळा माणसे खांद्यावरून पळवत, डोलवत आणतात. त्याचे डोके बदलता येते. आधी हत्तीचे डोके, ते पडले की सिंहाचे, ते पडले की सूरपद्मनचे स्वतःचे. शेवटी तो आंब्याचे झाड होतो. प्रत्येक रूपासमोर मुरुगनची उत्सवमूर्ती येते, भाला पुढे होतो आणि एक डोके खाली येते. गेम खेळणाऱ्या वाचकाला यात ओळखीची रचना लगेच दिसेल. आधी शस्त्र मिळवणे, मग टप्प्याटप्प्याने रूप बदलणारा प्रतिस्पर्धी, आणि शेवटच्या रूपातला सर्वांत कठीण सामना.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने २०२० मध्ये काढलेल्या 'राजी: अॅन एन्शंट एपिक' या गेममध्येही ही रचना आहे. राजी ही साधी मुलगी भावाच्या शोधात निघते, दुर्गा तिला त्रिशूळ देते आणि असुरांशी सामना सुरू होतो. पुण्यातल्या या कंपनीने ही रचना जपानी गेममधून घेतली की आपल्या उत्सवांतून, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. दोन्हींतून, हे उत्तर मानायला हरकत नाही. कारण उत्सव पाहत वाढलेला माणूस गेमही खेळतोच.

४. वचन: मोर, कोंबडा आणि जेजुरीचा मणी

सूरसंहाराची खरी गोष्ट मात्र संहारानंतर सुरू होते. आंब्याचे झाड झालेल्या सूरपद्मनाचे भाल्याने दोन तुकडे होतात. एका तुकड्याचा मोर होतो, दुसऱ्याचा कोंबडा. मोर मुरुगनाचे वाहन होतो आणि कोंबडा त्याच्या ध्वजावर बसतो. त्याच्या दोन भावांविषयीही तमिळ परंपरेत असेच सांगतात. सिंहमुखन देवीचा सिंह झाला आणि तारकासुर अय्यनारचा हत्ती. म्हणजे 'संहार' हा शब्द उत्सवाच्या नावात असला तरी कथेत कोणी नाहीसा होत नाही. मोराशिवाय मुरुगनाचे चित्र आता कोणी काढणारही नाही.

सूरसंहार पाहणाऱ्या मराठी माणसाला जेजुरी आठवली तर नवल नाही. या खोऱ्यात मराठी माणसे नवखी नाहीत. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी १६७० च्या दशकात तंजावूर घेतले आणि भोसल्यांचे राज्य तेथे १८५५ पर्यंत टिकले. तंजावूरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेले भोसले घराण्याचे चरित्र मराठीत आहे. मराठी बोलणारी कुटुंबे त्या भागात आजही आहेत. त्यामुळे दोन उत्सव शेजारी ठेवून पाहणे त्यांच्या दृष्टीने अगदी घरगुती गोष्ट आहे.

जेजुरीच्या खंडोबाचे षड्रात्र मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला सुरू होते आणि षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, संपते. स्कंदषष्ठीनंतर बरोबर एका चांद्र महिन्याने. कथाही तशीच. मणी आणि मल्ल हे दोन दैत्य ऋषींना छळतात. इतर देवांचे चालत नाही, तेव्हा शिव मार्तंड भैरवाचे रूप घेऊन येतो. मुरुगनाला देवसेना आणि वल्ली अशा दोन बायका आहेत. एक देवांच्या घरची, दुसरी शिकारी जमातीत वाढलेली. खंडोबाला म्हाळसा आणि बाणाई. एक वाण्याच्या घरची, दुसरी धनगराची. रा. चिं. ढेरे आणि गुंथर सोन्थायमर यांच्यासारख्या अभ्यासकांनी खंडोबाच्या परंपरेचा कसून शोध घेतला आहे. मुरुगन आणि खंडोबा यांच्यातील साम्याकडेही अभ्यासकांचे लक्ष गेलेले आहे.

आपल्याला या कथेत महत्त्वाचा आहे तो शेवट. मणी हरतो, शरण येतो आणि मरताना वर मागतो. आपला पांढरा घोडा देवाने घ्यावा आणि देवाजवळ आपल्याला जागा मिळावी, अशी त्याची मागणी. ती मान्य होते. जेजुरीला मणीला स्थान आहे आणि भक्त त्याच्याही पाया पडतात. मल्लाची कथा थोडी वेगळी. त्याचे शीर पायरीशी आले आणि त्याच्यावरून देवाला 'मल्हारी', म्हणजे मल्लाचा अरी, हे नाव मिळाले. जिंकणाऱ्याच्या नावात हरणाऱ्याचे नाव कायमचे जाऊन बसले. 'येळकोट येळकोट जय मल्हार' अशी आरोळी देताना आपण दर वेळी त्या हरलेल्याचाही उच्चार करतो.

हे वचन दोन्ही बाजूंना बांधते, ही यातली कळीची गोष्ट. मणी देवाचा झाला, पण देवालाही मणीची जागा राखावी लागली. मोर मुरुगनाला वाहतो, पण मुरुगनाला मोराशिवाय बाहेर पडता येत नाही. हरणारा येथे बोलतो, मागतो आणि त्याचे मागणे मोडता येत नाही.

५. अंगात उतरलेला योद्धा: मेलट्टूर

तिरुक्करुगावूरहून तंजावूरच्या रस्त्याने निघालो की त्याच पापनाशम तालुक्यात मेलट्टूर लागते. तंजावूरच्या नायक राजांपैकी अच्युतप्पा नायक यांनी तेलुगू ब्राह्मण कुटुंबांना हे गाव दिले, असे परंपरा सांगते. पुढे मराठा काळात येथे व्यंकटराम शास्त्री यांनी तेलुगूत नाटके रचली. दर वर्षी नरसिंह जयंतीला, म्हणजे वैशाख शुद्ध चतुर्दशीला, वरदराज पेरुमाळ मंदिरासमोर त्यांचे 'प्रल्हादचरित्र' होते. या प्रकाराला भागवत मेळा म्हणतात. सर्व भूमिका पुरुषच करतात आणि प्रयोग रात्रभर चालतो.

यात नरसिंहाचा मुखवटा हा केवळ रंगभूमीचा साज नाही. एरवी त्याची पूजा होते. तो घालणारा माणूस उपवास करतो. मुखवटा चढला की त्याच्यात देवाचा संचार होतो, असे गावकरी मानतात. हिरण्यकशिपूची भूमिका करणाऱ्यावर तो खरोखर धावून जाऊ नये म्हणून त्याला धरून ठेवावे लागते. मराठीत आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे: 'अंगात येणे'. गोंधळात संबळाच्या तालावर गोंधळी एकेका क्षेत्राचे नाव घेत देवांना बोलावतो, तीही हाकच. कोकणात शिमग्याला काळ्या वेशातला संकासुर दारोदारी येतो. दशावतारात हाच वेद चोरणारा असुर आहे आणि विष्णूच्या हातून तो मरतो. तरीही पोरे त्याच्या मागे धावतात आणि काही गावांत त्याला नवसही बोलतात.

गेमशी तुलना करताना येथे एक फरक नोंदवा. मेलट्टूरमध्ये योद्ध्याला बोलावण्याची किंमत बोलावणाऱ्याच्या शरीराला द्यावी लागते. उपवास, जागरण, आणि स्वतःवरचा ताबा सुटण्याचा धोका. गेममध्ये ही किंमत आकड्यांत मोजतात. मंत्रशक्तीचे काही गुण कमी होतात आणि थोड्या विश्रांतीने ते पुन्हा भरतात.

६. नारा: असुर धर्मरक्षक होतो

आता 'असुरा' हे नाव जपानी गेममध्ये कसे पोहोचले ते पाहू. ऋग्वेदात 'असुर' हा शब्द वरुणासारख्या देवतांसाठी आदराने वापरलेला आढळतो. इराणमधील अवेस्ता ग्रंथातील 'अहुर मज्द' या नावात तोच शब्द आहे. नंतरच्या वैदिक आणि पौराणिक वाङ्मयात मात्र असुर म्हणजे देवांचे शत्रू असा अर्थ पक्का झाला.

बौद्ध परंपरेने या शत्रूंना आणखी एक वळण दिले. इंद्राशी सतत लढणारे असुर बुद्धाचा उपदेश ऐकून धर्माच्या आठ रक्षकगणांपैकी एक गण झाले. बौद्ध ग्रंथांबरोबर ही कल्पना मध्य आशिया आणि चीनमार्गे जपानला पोहोचली. नारा येथील कोफुकुजी मंदिरात ७३४ मध्ये घडवलेली असुराची मूर्ती आहे. कापड आणि लाखेच्या थरांनी केलेली ही मूर्ती आतून पोकळ आहे. तिला तीन चेहरे आणि सहा हात आहेत. चेहरा एखाद्या गंभीर किशोराचा आहे आणि दोन हात जोडलेले आहेत. जपानमध्ये ही मूर्ती इतकी परिचित आहे की तीन चेहऱ्यांचा असुर म्हटले की तीच नजरेसमोर येते.

१९९१ च्या गेममधील राणीचे तीन चेहरे या परंपरेचे आहेत. आणि हरल्यानंतर तिने रक्षण करू लागणे हेही परंपरेला धरूनच आहे. जपानमध्ये असुर शत्रू असतानाच रक्षकही होता. गेम बनवणाऱ्यांनी त्याची स्त्री केली, राणी केली, तिला वेगळा लोक दिला. पण शत्रुत्वातून रक्षणाकडे जाण्याची वाट मात्र जुनीच राहिली.

७. साम्य तीन प्रकारचे असते

इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थोडे थांबले पाहिजे. आपण आतापर्यंत बरीच साम्ये पाहिली. त्या सर्वांची जात एक नाही.

पहिल्या प्रकारात वारसा असतो. कोफुकुजीचा असुर आणि गेममधील असुरा यांच्यात नाव, रूप आणि भूमिका तिन्ही जुळतात आणि प्रवासाचा मार्गही दाखवता येतो. दुसऱ्या प्रकारात समान भूमी असते. मुरुगन आणि खंडोबा यांच्या उत्सवांचे दिवस, पत्नींची जोडी, पराभूत शत्रूला मिळालेले स्थान, इतक्या गोष्टी जुळतात की दख्खन आणि तमिळ प्रदेश यांच्यातील जुन्या देवाणघेवाणीचा विचार करावा लागतो. नेमके कोणी कोणाकडून घेतले, हे मात्र त्यावरून ठरत नाही. तिसऱ्या प्रकारात केवळ समांतरता असते. सूरपद्मनाचा पुतळा टप्प्याटप्प्याने डोकी बदलतो आणि गेममधील बॉसही रूपे बदलतो, पण एकाने दुसऱ्याची नक्कल केली असे त्यावरून म्हणता येत नाही. बघ्यांची उत्कंठा वाढवण्याचा तो मार्ग अनेकांना स्वतंत्रपणे सुचू शकतो. आणि बर्फाच्या 'शिवा'सारखी उदाहरणे यांपैकी कशातच बसत नाहीत. तेथे फक्त नाव प्रवासाला निघाले, कथा घरीच राहिली.

हे भेद पाळले नाहीत तर दोन चुका होतात. एक म्हणजे 'हे सगळे आमच्याकडे आधीच होते' असे म्हणून मोकळे होणे. दुसरी म्हणजे 'गेम म्हणजे पोरखेळ, त्याला कसला इतिहास' असे म्हणून विषय सोडून देणे. दोन्हींत अभ्यास थांबतो.

८. असुर कोणाला म्हणायचे?

आणखी एक प्रश्न टाळता येणार नाही. कथा नेहमी जिंकणाऱ्याच्या तोंडून सांगितली जाते. मग हरणाऱ्याला असुर हे नाव कोणी दिले?

जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'गुलामगिरी' या पुस्तकात बळीराजाची कथा उलट्या बाजूने वाचली. त्यांच्या मते बळी हा शेतकऱ्यांचा न्यायी राजा होता, आणि खंडोबा, म्हसोबा ही नावे त्याच्या राज्यातील अधिकाऱ्यांच्या पदांवरून आली. त्यांच्या व्युत्पत्ती आज भाषाशास्त्रात मान्य होतीलच असे नाही. पण त्यांनी विचारलेला प्रश्न पक्का आहे. भाऊबीज-पाडव्याच्या दिवसांत 'इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो' असे मराठी घरांत म्हणतात. वामनाने पाताळात घातलेल्या राजाचे राज्य परत यावे असे ज्या समाजाला वाटते, त्या समाजाने ती कथा एकाच बाजूने ऐकलेली नाही, हे उघड आहे.

झारखंडमध्ये असुर नावाचाच एक आदिवासी समाज आहे. दगडातून लोखंड गाळण्याचे कसब हा त्यांचा परंपरागत व्यवसाय होता. महिषासुराला ते आपला पूर्वज मानतात आणि सगळीकडे दुर्गापूजेचा उत्साह असतो तेव्हा त्यांच्यातील अनेक जण शोक पाळतात. गेममध्ये किंवा उत्सवात 'असुर' हा शब्द वाचताना या देशात तो कोणाच्या तरी घराचे नावही आहे, याची जाणीव ठेवा.

या प्रकाशात मणीचे वरदान आणि सूरपद्मनाचा मोर यांच्याकडे दोन तऱ्हांनी पाहता येते. काही अभ्यासक म्हणतात की स्थानिक समूहांची दैवते मोठ्या देवाच्या पायाशी बसवून त्यांना सामावून घेण्याची ही रीत होती. यात सत्तेची उतरंड आहे, हे खरे. पण दुसरी बाजूही आहे. हरलेल्याला पूर्ण पुसून टाकणे त्या समाजाला जमले नाही, किंवा मानवले नाही. त्याची आठवण, त्याचे नाव आणि त्याची जागा ठेवावी लागली. पुराणकथा घडलेल्या प्रसंगांची नोंद म्हणून वाचता येत नाही. मात्र ती कथा दर वर्षी साजरी करणाऱ्या समाजाने हरणाऱ्याचे काय करायचे ठरवले, याची ती नोंद नक्कीच आहे.

९. समारोप

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. शत्रूला हरवून सोबती करण्याची कल्पना प्रोग्रामरांनी शोधलेली नाही. कावेरीच्या खोऱ्यात, जेजुरीच्या गडावर आणि नाराच्या मंदिरात ती शतकानुशतके नांदत आहे. गेमने तिचे तीन भाग एका धाग्यात ओवले आणि खेळणाऱ्याच्या हातात दिले. ही काही लहान गोष्ट नाही. त्यामुळे जगभरातल्या तरुणांनी असुर हा शब्द शत्रू आणि रक्षक अशा दोन्ही अर्थांनी अनुभवला.

पण या ओवण्यात एक गाठ सुटली. तिरुक्करुगावूरमध्ये हाक मारणारी स्त्री दुबळी आहे आणि देवी तिची बांधील नाही. जेजुरीत हरणारा मागणे मागतो आणि जिंकणारा त्याने बांधला जातो. मेलट्टूरमध्ये बोलावणारा स्वतःचे शरीर पणाला लावतो. गेममध्ये मात्र बंधन बहुतेक वेळा एकाच बाजूला असते. हरलेला योद्धा यादीतले एक नाव होतो आणि बटण दाबले की त्याने यायचे. फायनल फँटसीची असुरा त्यातल्या त्यात मान राखून आहे. ती राणी आहे, तिचे स्वतःचे घर आहे, आणि ती काम झाल्यावर तेथे परत जाते. तरीही ती आपल्याकडे काही मागत नाही.

तुमच्यापैकी कोणी उद्या गेम लिहील, नाटक बसवील किंवा कथा रचील. त्या वेळी हरलेल्या योद्ध्याला सोबत घेताना त्याला एक प्रश्न विचारायची जागा जरूर ठेवा: तुला काय हवे? मणीला तो प्रश्न विचारला गेला, म्हणून जेजुरीत त्याची जागा आजही आहे.

विचारासाठी प्रश्न

१. तुमच्या गावातील किंवा जवळच्या एखाद्या उत्सवात पराभूत शत्रूला मान किंवा जागा दिलेली आहे काय? ती कशी दिली आहे, याचे निरीक्षण करून लिहा.

२. वारसा, समान भूमी आणि समांतरता या तीन प्रकारांपैकी प्रत्येकाचे एक उदाहरण या पाठाबाहेरून शोधा. तुमची वर्गवारी योग्य का आहे, ते पटवून द्या.

३. तुम्ही खेळलेल्या किंवा पाहिलेल्या एखाद्या गेममधील बोलावता येणारा योद्धा घ्या. हाक कोण मारतो, झुंज कोणाशी होते आणि वचनाने कोण बांधला जातो, या तीन प्रश्नांच्या आधारे त्याचे विश्लेषण करा.

४. महिषासुराला पूर्वज मानणारा समाज आणि दुर्गापूजा करणारा समाज एकाच राज्यात राहतात. दोघांच्याही स्मृतीला न्याय देणारा इतिहास कसा लिहिता येईल, यावर आपले मत मांडा.